दूरचित्रवाणी मालिका : कोणाचे घर, कोणाची गोष्ट?

दूरचित्रवाणीवरील मालिका हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, याबद्दल आपल्या लेखक-कार्यकर्त्यांत अजूनही संकोच दिसतो. कवितेची समीक्षा होते, आत्मकथनाची होते, नाटकाची होते. सिनेमाचीही आता होऊ लागली आहे. मालिका मात्र 'बायकांचे बघणे' म्हणून किंवा 'वेळ घालवणे' म्हणून बाजूला टाकली जाते. हा संकोच मला मान्य नाही. आपल्या वस्तीत पुस्तक शंभरातल्या फार थोड्या घरांत जाते, नियतकालिक त्याहून कमी घरांत जाते. मालिका मात्र रोज संध्याकाळी सात ते दहा जवळजवळ प्रत्येक घरात येते. घर म्हणजे काय, चांगली सून कोण, पाप कशाला म्हणायचे, सुखाचा दिवस कसा साजरा करायचा, हे सारे ती न थकता सांगत असते. जोतीराव फुल्यांनी पुराणकथांकडे करमणूक म्हणून पाहिले नाही. त्या कथा सत्ता कशी टिकवतात हे त्यांनी पाहिले. आजच्या पुराणिकाकडे आपण त्याच नजरेने पाहिले पाहिजे.

मी हे प्रेक्षक म्हणून लिहितो आहे. मला जे आवडले ते आवडले म्हणून सांगेन, जे खुपले ते खुपले म्हणून सांगेन. मालिका पाहणाऱ्या आपल्या आयाबहिणींची टवाळी करण्याचा हेतू माझा नाही. दिवसभर राबून आलेल्या बाईला अर्धा तास दुसऱ्या कोणाच्या सुखदुःखात रमावेसे वाटले, तर त्यात तिचा गुन्हा काय? प्रश्न तिच्या आवडीचा नाही. तिच्या पुढ्यात काय वाढले जाते, त्याचा आहे.

१

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. या केंद्राच्या सुरुवातीच्या वर्षांतला सर्वांत लोकप्रिय मराठी कार्यक्रम म्हणजे 'चिमणराव'. चिं. वि. जोशींच्या कथांवर आधारलेला हा कार्यक्रम १९७७ ते १९७९ या काळात गाजला. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची कामे खरोखरच चांगली होती. त्यावर माझा राग नाही. पण याच काळात, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळू लागली. एकाच भाषेच्या प्रदेशात एक घर हसत होते आणि एक घर जळत होते. हसणाऱ्या घराची गोष्ट झाली. जळणाऱ्या घराची मालिका कोणी केली नाही.

७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. हिंदीतली ही पहिली मोठी कौटुंबिक मालिका. मनोहर श्याम जोशींनी ती लिहिली. कुटुंबनियोजन, मुलींचे शिक्षण, दारूचे दुष्परिणाम असे सामाजिक विषय गोष्टीतून सांगावेत, अशी त्यामागची शासकीय कल्पना होती. मेक्सिकोतील अशा मालिकांचा अनुभव पाहून ही योजना आखली गेली होती. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत. मला ही मालिका आवडली होती. तिच्यातली गरिबी खोटी नव्हती. बसेसर रामचे दारू पिणे, बडकीचे लग्न न जमणे, नन्हेची क्रिकेटची स्वप्ने, हे सगळे कनिष्ठ मध्यमवर्गाचे खरे प्रश्न होते. पण नावच 'आम्ही लोक' असे ठेवल्यावर विचारावेच लागते : या 'आम्ही'त कोण आहे? समाजसुधारणेची इतकी कलमे या मालिकेने हाती घेतली, पण अस्पृश्यता हा त्या घरापुढचा प्रश्न झाला नाही. दारू सुटू शकते, मुलगी शिकू शकते, आणि जात जागच्या जागी राहू शकते. सुधारणेची ही व्याख्या तेव्हा पडद्यावर रुजली आणि आजपर्यंत बदललेली नाही.

खाजगी वाहिन्या आल्यावर मराठी मालिकांचा पूर आला. त्यांतली आडनावे एका ओळीत मांडून पाहावीत. 'आभाळमाया'चे घर जोशींचे. 'चार दिवस सासूचे'चे देशमुखांचे. 'होणार सून मी ह्या घरची'चे गोखल्यांचे. 'माझ्या नवऱ्याची बायको'चे सुभेदारांचे. 'आई कुठे काय करते'चे पुन्हा देशमुखांचे. 'तुझ्यात जीव रंगला'चा राणा गायकवाड. गायकवाड हे आडनाव आपल्याकडेही आहे, पण राणाच्या घराचा चौसोपी थाट, त्याची शेती, त्याची तालीम आणि गावातला त्याचा दरारा पाहिला की हे गायकवाड कोणते, हे सांगावे लागत नाही. एखाद्या मालिकेत जोशी असणे हा दोष नव्हे. जोशीही माणसेच आहेत. पण पंचवीस वर्षे घर म्हटले की जोशी, गोखले किंवा देशमुख, आणि मग कांबळे, जाधव, साळवे, वाघमारे यांना घर नसते काय? त्यांना सासू नसते, सून नसते, प्रेम होत नाही, संपत्तीवरून भांडण होत नाही?

कांबळे असतात, पण ते दारातून आत येतात आणि काम करून बाहेर जातात. धुणीभांडी करणारी बाई आठवून पाहा. तिला नाव असते, आडनाव नसते. ती कुठून येते, कुठे जाते, हे कॅमेरा कधी पाहत नाही. ती 'गावरान' बोलते, कारण तिच्या बोलण्यावर हसायचे असते. मालकिणीचे रहस्य तिला माहीत असते, पण तिचे स्वतःचे रहस्य काही नसते. कथेत माणसाला स्वतःचे दुःख नसेल, तर तो माणूस न राहता फर्निचर होतो.

आणि सणवार! मंगळागौर, वटपौर्णिमा, हळद, सप्तपदी, मंगळाष्टके. एकेका लग्नाला आठ-आठ दिवस आणि वर रविवारी तासाभराचा विशेष भाग. मी पाहिलेल्या मराठी कौटुंबिक मालिकांपैकी एकीतही लग्न बुद्धवंदनेने झाले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ पासून या महाराष्ट्रात लाखो लग्ने त्या पद्धतीने झाली आहेत. आमच्या मुली मात्र वडाला फेऱ्या मारणाऱ्या नायिकेची साडी पाहत मोठ्या होतात, आणि एक दिवस विचारतात, 'आपल्याकडे असं का नसतं?' बावीस प्रतिज्ञांवर व्याख्यान देणाऱ्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवले पाहिजे.

२

रामानंद सागर यांचे 'रामायण' दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दर रविवारी सकाळी दाखवले गेले. लोक पडद्याला हार घालत, उदबत्ती लावत, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच काळात महाराष्ट्रात काय चालले होते, ते मात्र विसरले जाते. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' हा ग्रंथ होता, आणि त्याच्या परिशिष्टात राम व कृष्ण यांच्या चरित्रांची चिकित्सा होती. ते परिशिष्ट काढून टाका, अशी ओरड झाली. १९८८ च्या आरंभी मुंबईत दलित जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर परिशिष्ट राहिले, पण या मतांशी शासन सहमत आहे असे नव्हे, अशी टीप त्याला जोडली गेली.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. एक राम केंद्र सरकारच्या दूरदर्शनवरून दर रविवारी, जाहिरातींसह, कोणत्याही टिपेविना येत होता. दुसऱ्या रामाची चिकित्सा राज्य सरकारने छापली, ती टीप जोडून. 'ही केवळ एक कथा आहे, तिच्यातील मूल्यांशी शासन सहमत आहेच असे नाही,' अशी टीप त्या मालिकेखाली कोणी मागितली नाही. श्रद्धेच्या कथेला टीप लागत नाही, चिकित्सेला लागते. दूरचित्रवाणीच्या कथाकथनातला पक्षपात याहून उघड कुठे दिसणार?

याच मालिकेच्या संदर्भात घडलेली एक घटना माझ्या मनातून जात नाही. मालिका रामाच्या राज्याभिषेकाशी संपणार, असे दिसले तेव्हा पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. ते स्वतःला वाल्मीकींचे अनुयायी मानतात. उत्तरकांड दाखवा, आमच्या वाल्मीकींना पडद्यावर येऊ द्या, ही त्यांची मागणी. ती मान्य झाली आणि पुढचा भाग निघाला. या संपाला हसणारे पुष्कळ भेटतील. मला हसू येत नाही. साऱ्या देशाने पाहिलेल्या गोष्टीत आपलाही एक माणूस असावा, त्याच्या आश्रमात सीता यावी, त्याच्या हातून लवकुश वाढावेत, ही माणसाची साधी भूक आहे. गावाची घाण उचलणाऱ्यांनी झाडू खाली ठेवला तो पगारासाठी नव्हे. गोष्टीत जागा मिळावी म्हणून. पण ज्या उत्तरकांडात वाल्मीकींचा आश्रम आहे, त्याच उत्तरकांडात शंबूकाची मान कापली जाते. दुसऱ्याच्या गोष्टीत जागा मागितली की ही अडचण येते. जागा मिळते, पण ती गोष्टीच्या मालकाने ठरवलेली मिळते. शंबूकासाठी संप कोण करणार?

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. मजूर बायकामुलांसह रस्त्याने गावाकडे चालत होते, आणि २८ मार्चपासून सरकारी वाहिनीने तेच 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतले. तेहतीस वर्षांनंतरही सरकारच्या कपाटात देशाला धीर देणारी दुसरी गोष्ट सापडली नाही.

३

याचा अर्थ दूरदर्शनने काहीच चांगले केले नाही असा नव्हे. सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवरून 'सद्गती' केली. ती मालिका नव्हे. तासाभरात संपणारा चित्रपट. पण दूरचित्रवाणीवरच्या कथाकथनाचा विचार तिच्यावाचून पुरा होत नाही. दुखी चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला ब्राह्मणाकडे जातो. ब्राह्मण त्याला आधी अंगण झाडायला लावतो, मग भुसा वाहायला लावतो, मग लाकडाचा ओंडका फोडायला लावतो. उपाशी, आजारी दुखी ओंडक्यापाशीच मरतो. ओम पुरी, स्मिता पाटील, मोहन आगाशे यांनी एकही शब्द वाया घालवलेला नाही. पार्श्वसंगीताने रडवले जात नाही. आजच्या मालिकाकारांना शिकण्यासारखे त्यात पुष्कळ आहे.

तरीही माझी तक्रार आहे. प्रेमचंदांची कथा १९३० च्या सुमाराची. तोवर १९२७ चा महाडचा सत्याग्रह होऊन गेला होता. चित्रपट तर १९८१ चा. तेव्हा दलित पँथर स्थापन होऊन नऊ वर्षे झाली होती. पडद्यावरचा दुखी मात्र अजून मुहूर्त मागतो आहे. करुणेच्या कथेला असाच माणूस लागतो. तो जिवंत राहून प्रश्न विचारू लागला की करुणा अवघडते.

पण या चित्रपटात एक जागा अशी आहे, जी आपण नीट पाहिली पाहिजे. दुखी मेल्यावर त्याच्या जातीची माणसे प्रेत उचलायला नकार देतात. प्रेत वाटेवर पडून आहे, ब्राह्मणांना पाणी आणायला जाता येत नाही. शेवटी तो ब्राह्मण पहाटे, कोणी पाहत नसताना, स्वतःच प्रेताच्या पायाला दोरी अडकवतो आणि ओढत नेतो. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम ज्यांच्यावर लादले होते, त्यांनी हात आखडले आणि ते काम ब्राह्मणाला करावे लागले. महाडच्या परिषदेनंतर गावोगावच्या महारांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, त्या निर्णयाचा अर्थ या एका दृश्यात आहे. समीक्षक दुखीच्या मरणावर लिहितात. मला त्या नकारावर लिहावेसे वाटते.

गोविंद निहलानींची 'तमस' १९८८ च्या आरंभी दाखवली गेली. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची ही मालिका फाळणीच्या दंगलीची कथा सांगते, आणि ती सुरू होते नत्थू नावाच्या चांभारापासून. पाच रुपये देऊन त्याच्याकडून डुक्कर मारून घेतले जाते. डुक्कर कशासाठी हवे, ते त्याला खोटे सांगितले जाते. मग ते मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते आणि शहर पेटते. मालिकेवर बंदी आणण्याचा प्रयत्न झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहून प्रसारणाला मोकळीक दिली आणि सर्वोच्च न्यायालयानेही बंदीची मागणी फेटाळली. ही मालिका थोर आहे, असे मी निःसंकोच म्हणतो. धर्माच्या भांडणात दलिताचा हात कसा भाड्याने घेतला जातो, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्या मालिकेने दाखवले? १९९२ नंतर, २००२ नंतर, आपल्या पोरांच्या हातात कोणाकोणाचे झेंडे आले ते आठवले, म्हणजे 'तमस' जुनी वाटत नाही.

पण इथेही एक गोष्ट खटकते. साऱ्या शहरात अपराधाची टोचणी फक्त नत्थूला आहे. ज्यांनी कट केला ते शांतता समितीत बसतात. ज्याला काही माहीत नव्हते तो झोपू शकत नाही. हे खरे असेल, हे वास्तवही असेल. पण नत्थूला विचार नाही, संघटना नाही, पुढारी नाही. १९४७ सालच्या अस्पृश्याला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन माहीत असण्याची शक्यताच लेखक धरत नाही. काँग्रेस, लीग, संघ, कम्युनिस्ट सगळ्यांची माणसे कथेत आहेत. बाबासाहेबांचा माणूस नाही. प्रस्थापितांतला सर्वांत प्रामाणिक लेखकसुद्धा आपल्याला दुःख देतो, राजकारण देत नाही.

४

आता रूपाचा प्रश्न. आपले समीक्षक आशयावर बोलतात आणि तिथेच थांबतात. मालिकेचे रूप स्वतःच काय करते?

पहिली गोष्ट : मालिकेला संपायचे नसते. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली. भाग तीन हजारांवर गेले. मधे २००६ साली खैरलांजी झाले आणि गेले. त्या घराच्या खिडकीतून ते दिसले नाही. न संपणाऱ्या गोष्टीत निर्णय पुढे ढकलावा लागतो. अन्याय झाला की तो सहन करणारी बाई हवी, कारण तिने आज सहन केले तर उद्याचा भाग होतो. तिने आजच तोंड उघडले तर गोष्ट संपते. म्हणून सोशीकपणा हा या रूपाचा सर्वांत मोठा सद्गुण ठरतो. लेखक मनाने पुरोगामी असला तरी रूप त्याला तिकडे ओढून नेते. 'आई कुठे काय करते' मध्ये अरुंधती अखेर नवऱ्यापासून वेगळी झाली आणि स्वतःच्या पायावर उभी राहिली. याचे श्रेय त्या मालिकेला दिलेच पाहिजे. पण २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत त्या घराचा उंबरा तिला किती वेळा पुन्हा ओलांडावा लागला, हे पाहणाऱ्यांनीच सांगावे.

दुसरी गोष्ट : मालिकेला खलनायक लागतो. काजळ घातलेली जाऊ, मिशा पिळणारा काका. सगळे वाईट एका माणसात भरले की बाकीचे घर शुद्ध होते. जात या रूपात शिरली की तिचेही हेच होते. एक दुष्ट पाटील छळतो, एक चांगला गुरुजी वाचवतो, दुष्टाला शिक्षा होते, संपले! व्यवस्था मात्र कॅमेऱ्यात मावत नाही. गोड बोलणारा, मुलांवर प्रेम करणारा, देवधर्म पाळणारा माणूस आपल्या विहिरीवर दुसऱ्याला पाणी भरू देत नव्हता, हे जातीचे खरे भयंकर रूप. ते दाखवायला खलनायक उपयोगी पडत नाही.

याच्या उलट बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) वाचावे. त्यातही सासू आहे, सून आहे, सुनेचा अंगावर काटा आणणारा छळ आहे. पण बेबीताई सासूला खलनायिका करत नाहीत. साऱ्या गावाने ज्यांना गुलाम केले, त्यांना गुलाम करायला घरात एक सूनच सापडली, असा त्यांचा निदानाचा रोख आहे. छळ लपवलेला नाही आणि छळाचे मूळही सोडलेले नाही. आपल्या मालिकाकारांना सासूसुनेवर हजारो भाग काढूनही जे उमगले नाही, ते फलटणच्या एका बाईने एका छोट्या पुस्तकात सांगून ठेवले आहे. ही आपली कथनपरंपरा आहे. तिला सौंदर्यशास्त्र नाही असे कोण म्हणतो?

५

बाबासाहेबांवरील मालिकांविषयी बोलताना आपल्यातलेच काही जण नाराज होतील, याची मला कल्पना आहे. स्टार प्रवाह वाहिनीवर मे २०१९ ते ऑक्टोबर २०२० या काळात 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' ही मालिका झाली. वस्त्यावस्त्यांत लोक एकत्र बसून ती पाहत. सागर देशमुख यांचे काम मनापासून केलेले होते. ज्या पडद्यावर आपले आडनाव येत नव्हते, त्या पडद्यावर रोज रात्री बाबासाहेब येऊ लागले. हा आनंद खरा होता आणि तो कोणी कमी लेखू नये. ज्या सवर्ण घरांत हे चरित्र कधी वाचले गेले नसते, तिथेही ते पोचले.

पण नायक बदलला आणि रूप तेच राहिले. तोच तीनदा घुमणारा नगारा, तेच चेहऱ्यावर थांबणारे दृश्य, तोच कपटी विरोधक. अपमानाच्या प्रसंगांना भागच्या भाग मिळतात. ग्रंथांना एखादे वाक्य मिळते. अँड टीव्हीवरील 'एक महानायक' ही हिंदी मालिका तर बालपणातच फार काळ रेंगाळली, कारण गुणी मूल आणि दुष्ट गाव हे समीकरण या रूपाला सोयीचे आहे. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ, १९४२ ते १९४६ या काळातला मजूरमंत्री, १९५१ साली हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून मंत्रिपद सोडणारा माणूस या रूपाला अवघड जातो. त्याच्यापाशी अश्रू कमी आणि मुद्दे जास्त आहेत. मग चरित्राची पोथी होते. पोथीचे पारायण करता येते, तिच्याशी वाद घालता येत नाही. ज्यांनी आयुष्यभर व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला, त्यांच्यावर गौरवगाथा रचताना हा धोका ध्यानात ठेवायला हवा होता.

'वाद पडद्यावर रंगत नाही, प्रेक्षक कंटाळतो,' असे उत्तर मिळते. ते खोटे आहे. श्याम बेनेगल यांची 'संविधान' ही दहा भागांची मालिका २०१४ साली राज्यसभा वाहिनीवर झाली. घटना समितीतील चर्चा हेच तिचे नाट्य. सचिन खेडेकर यांनी केलेले बाबासाहेब तिथे उभे राहून मुद्दा मांडतात, प्रतिपक्षाचे ऐकतात, उत्तर देतात. खलनायक नाही, मतभेद आहेत. मला हे बाबासाहेब त्यांच्या ग्रंथांतल्या बाबासाहेबांच्या अधिक जवळचे वाटले. त्याआधी बेनेगलांनीच 'भारत एक खोज' मध्ये महात्मा फुल्यांना एक स्वतंत्र भाग दिला होता आणि सदाशिव अमरापूरकरांनी फुले केले होते. विचार दाखवता येतो. दाखवणाऱ्याची इच्छा हवी.

आणि इच्छा असून काय होते, तेही पाहावे. 'सावित्रीजोती' ही मालिका सोनी मराठीवर जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बंद झाली. प्रेक्षकसंख्या पुरेशी नाही, हे कारण. ही संख्या म्हणजे काही हजार घरांत बसवलेल्या यंत्रांवरून काढलेला अंदाज. जाहिरातीचा भाव त्यावर ठरतो. ज्या बाईने शेणाचे गोळे झेलून शाळा चालवली, तिच्या गोष्टीचे आयुष्य साबणाच्या जाहिरातीने ठरवावे, ही बाजाराची रीत झाली. पण आपणही स्वतःला विचारावे : ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या किती घरांत त्या वेळी ती मालिका चालू होती?

६

अलीकडे मोबाइलवर पाहायच्या मालिकांत थोडा वारा फिरला आहे. 'दहाड' (२०२३) मधली पोलीस अधिकारी अंजली भाटी ही मूळची मेघवाल. बापाने मुलीच्या भल्यासाठी आडनाव बदलले. खुनांचा तपास संपल्यावर ती आपले मूळ आडनाव पुन्हा लावायचे ठरवते. आडनाव लपवण्याचे आणि परत घेण्याचे हे दुःख आपल्या प्रत्येक शहरी घराला ठाऊक आहे, आणि तिथे ते नायिकेला मिळाले आहे, मोलकरणीला नव्हे.

त्याच वर्षी 'मेड इन हेवन' च्या दुसऱ्या पर्वात नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केलेल्या भागात एक उच्चशिक्षित दलित मुलगी लग्नात बौद्ध विधी व्हावा, असा आग्रह धरते. तिची जात वरपक्षाला ठाऊक आहे. पण ती चारचौघांत दिसू नये, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. जातीच्या सभ्य रूपावर इतके नेमके बोट ठेवलेले मी मालिकेत क्वचित पाहिले. दुष्ट कोणी नाही, सगळे चांगले आहेत, आणि तरीही बाबासाहेबांची तसबीर मंडपात यायला झगडावे लागते. हा भाग बनवणारा दिग्दर्शक स्वतः दलित आहे, हा योगायोग नव्हे. पुढे लेखिका याशिका दत्त यांनी त्या व्यक्तिरेखेत आपल्या जीवनाचा व पुस्तकाचा उपयोग श्रेय न देता झाल्याचा आक्षेप घेतला; निर्मात्यांनी तो नाकारला. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नाही. पण त्यातून एक प्रश्न उभा राहतो. आपला अनुभव आता बाजारात खपू लागला आहे. मग तो लिहिणार कोण, आणि नाव कोणाचे लागणार? अनुभव वस्तीचा आणि मालकी कंपनीची, असे झाले तर ती नवी वेठबिगार ठरेल.

७

आपल्या इतिहासात या प्रश्नाचे एक उत्तर आहे. सत्यशोधकांनी जलसा उभा केला, तेव्हा त्यांनी तमाशाच्या सांगाड्यात नुसता नवा नायक बसवला नाही. गणातल्या देवाला प्रश्न विचारला, गवळणीतली कृष्णाची छेडछाड काढून तिथे शिक्षणाचा आणि भटशाहीचा वाद आणला. पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. रूप मोडल्यावाचून आशय बदलत नाही, हे त्यांना कोणत्याही विद्यापीठाशिवाय कळले होते. प्रेक्षकही त्यांनी घडवला. जो आहे त्याची आवड मोजत बसले नाहीत.

म्हणून माझे म्हणणे असे. वस्तीतल्या वाचनालयांनी, वसतिगृहांनी आणि महिला मंडळांनी मालिका एकत्र पाहाव्यात आणि पाहून झाल्यावर त्यांवर बोलावे. बायका जे बोलतील ते लिहून घ्यावे. कारण पाहण्याचा खरा अधिकार आणि अनुभव त्यांचा आहे. मराठीच्या प्राध्यापकांनी मुलांना एका मालिकेच्या एका आठवड्याचा अभ्यास करायला लावावा : कोणाला आडनाव आहे, कोण किती बोलते, कोण कोणाच्या घरात जेवते. आणि आपल्या तरुण लेखकांनी कवितेइतकेच पटकथेचे तंत्र हस्तगत करावे. कविता लिहायला कागद पुरतो. पटकथेला शिस्त, सहकार्य आणि पैसा लागतो, हे खरे. पण 'जिणं आमुचं' वर दहा भागांची, ठरलेल्या दिवशी संपणारी मालिका आपणच लिहिली नाही, तर ती दुसरा कोणी लिहील. त्यात मग सासू पुन्हा काजळ घालील आणि नगारा पुन्हा तीनदा वाजेल.